न थांबणारा पंप

१

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच वर्षी उदगीरच्या एका कोरड्याठाक नाल्यात म्हैस पाण्यात बसलेली सापडली. भर उन्हाळ्यात! नुसते पाय ओले करून नाही, मानेपर्यंत बसलेली.

आता म्हशीचा काय कसूर? तिला पाणी दिसलं, ती बसली. पण ते पाणी माणसांच्या पिण्याचं होतं. नाल्याच्या वर टेकाडावर टँकर भरण्याचं केंद्र आहे. तिथली उंच टाकी भरून वाहून राहिली होती आणि मागच्या पाइपातून सगळं पाणी गुपचूप नाल्यात पडत होतं. बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या त्या दिवसांत! बातमी फुटली तसं अर्धं गाव टेकाडावर चढलं आणि पंप सांभाळणाऱ्या शिवप्पाची गचांडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. मी तेव्हा नांदेडला, माझ्या वर्कशॉपात होते. मी गौरम्मा. लोक तोंडावर अक्का म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. फोनवर शिवप्पाची बायको शिवकांता रडून राहिली होती.

"अक्का, ह्यांना कामावरून काढलं. साहेब म्हणाले, आज संध्याकाळी पोलिसात देतो. ह्यांनी काहीच केलं न्हाई ओ! आन् मला बायांनी नळाच्या रांगेतून हाकललं. म्हणल्या, पाणी सांडणाऱ्याच्या घराला पाणी कशाला?"

मला फोन करायचं कारण एवढंच, की त्या केंद्रावरची पंप चालवणारी पेटी माझ्या वर्कशॉपात बनलेली. टँकरवाला तिला कार्ड लावतो, पेटी पंप सुरू करते, पंप उंच टाकीत पाणी चढवतो आणि टाकीखालच्या तोट्यांवर टँकर भरतात. शेवटचा टँकर गेला की पेटीच पंप बंद करते. टाकी भरली की पाणी थांबवणारा जुना फ्लोट कधीचा गंजून गेलेला, म्हणून तर पेटी बसवली होती.

"माझी पेटी चुकत नसते," मी फोन ठेवता ठेवता म्हणाले.

समोर रुद्राणी बसली होती. पेटीच्या पोटातला सगळ्यात तळाचा प्रोग्राम, जो थेट पंपाच्या स्विचशी बोलतो, तो हिनं लिहिलेला. पोरगी देगलूरची, बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. माझं बोलणं संपायच्या आत तिनं लॅपटॉप पिशवीत घातला.

"आधी बघून तर येऊ अक्का. संध्याकाळी तो माणूस आत जाणार आहे."

२

मुखेडमार्गे उदगीरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. केंद्राच्या फाटकाशी सार्वजनिक नळ, त्यापुढं घागरींची ही लांब रांग, आणि रांगेच्या बाहेर, भिंतीच्या कडेला रिकामी घागर घेऊन शिवकांता एकटीच उभी. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला. मला असा राग आला की रांगेतल्या दोघीचौघींना तिथंच सुनवावं. पण रुद्राणीनं माझा दंड धरून आत नेलं.

आत पाणीपुरवठ्याचे साहेब होते. तरुण माणूस, घामाघूम झालेला. "हे बघा मॅडम," ते म्हणाले, "पंप एक तर तुमची पेटी चालवते, नाही तर हाताचा स्विच. पेटी तपासून घेतलेली आहे. मग राहिला माणूस."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मालाची कुणी तारीफ केली की मला बरं वाटतं. पण कोपऱ्यात शिवप्पा मान खाली घालून उभा होता. उंचापुरा, गळ्यात लिंग, शर्टाची कॉलर फाटलेली. कालची फाटलेली कॉलर त्यानं बदललीही नव्हती.

"अक्का, मी स्विचला हात लावला न्हाई," तो एवढंच म्हणाला.

"खोटी किल्ली करून घेतली असंल!" दारातून कुणीतरी ओरडलं.

हाताचा स्विच लोखंडी जाळीत होता, जाळीला कुलूप, किल्ली साहेबांकडं. रुद्राणी कुलपापाशी गेली आणि बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिनं साहेबांना बोलावलं.

"साहेब, किल्ली कुठून घालतात यात?"

"इथून. का?"

"तिथं कोळ्याचं जाळं आहे. कुलपापासून जाळीपर्यंत. धूळ बसलेलं, जुनं."

साहेबांनी चष्मा वर केला. मीही वाकले. होतं खरं! ते जाळं न तोडता त्या कुलपात किल्ली जाणंच शक्य नव्हतं. खोटी काय आणि खरी काय.

"म्हणजे स्विचला कुणीच हात लावलेला नाही," रुद्राणी म्हणाली. "शिवप्पांनी नाही, दुसऱ्याही कुणी नाही."

शिवप्पानं पहिल्यांदा मान वर केली. माझी नजर मात्र पेटीकडं गेली. हात कुणी लावला नसेल, तर उरली माझी पेटी.

३

साहेब काही लगेच मानायला तयार नव्हते. कोळी काय, एका रात्रीतही जाळं विणतो म्हणे! संध्याकाळपर्यंत पेटीची चूक दाखवा, चालू करून दाखवा, नाही तर कागद पोलिसांकडं जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. गावाचा आणखी दोघांवर संशय होता. रुद्राणी म्हणाली, मला त्या दोघांशी बोलायचंय.

पहिला निवृत्ती. टँकरचा ड्रायव्हर, आणि म्हशीचा मालक.

"हाव, म्हैस माझी हाय!" तो आल्या आल्या कडाडला. "मग काय तिला फाशी देता? मी रांगेत होतो, म्हैस तिकडं होती. तिला काय मी फोन करून सांगितलं, की बाई, पाणी सुटलंय, जाऊन बस?"

लोक हसले. रुद्राणी नाही हसली. "काल सकाळी काय काय केलंत ते सांगा. सगळं सांगा."

"काय करनार? नंबर आला, कार्ड लावलं, गाडी तोटीखाली घ्यायला लागलो. तेवढ्यात मयतीचा टँकर आला. मग लाल बटण दाबलं आन् गाडी मागं घेतली. तो भरून गेल्यावर परत कार्ड लावलं, भरलं, निघालो."

"मयतीचा टँकर म्हणजे?"

निवृत्तीनं तिच्याकडं असं बघितलं, की ही कुठल्या देशातून आली! "ताई, ज्या वाडीवर मयत झाली तिथं आधी पाणी. सोयरेधायरे येतात, सगळ्यांच्या आंघोळी असतात. त्या टँकरला रांग नसती. ज्याचा नंबर लागलेला असंल त्यानं मागं सरायचं. हे काय कुनी सांगावं लागतं का?"

पेटीवरचं ते लाल बटण मी स्वतः बसवून घेतलेलं. पाइप फुटला, गाडी बिघडली तर काम रद्द करायला. वर्षातून एखाद्या वेळी लागेल, असं आम्ही नांदेडला बसून धरलेलं. रुद्राणी त्या बटणाकडं एकटक बघायला लागली होती. तिचं असं बघणं मला मुळीच आवडत नाही.

दुसरे आप्पासाहेब. नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांची डाळिंबाची बाग, सांडलेलं पाणी तिथवर पोचलेलं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. उदगीर वेगळा जिल्हा झाला पाहिजे म्हणून त्या दिवसांत रोज कुठं ना कुठं त्यांचं भाषण असायचं.

"माझ्यावर बोट? माझ्यावर?" ते खुर्चीत बसता बसताच सुरू झाले. "अहो, या केंद्राची लाइट आता मिनिटभर जात नाही, ती कुणामुळं? मी मुंबईला जाऊन स्वतंत्र लाइन मंजूर करून आणली. आत्ता या आठवड्यात चालू झाली. उद्या आपला जिल्हा झाला ना, की बघा..."

"आप्पासाहेब," रुद्राणीनं त्यांना मध्येच तोडलं. आप्पासाहेबांना मध्येच कुणी तोडत नाही. "ही लाइन यायच्या आधी, लाइट कधी जायची?"

"दुपारी. ऐन जेवायच्या टायमाला. कधी चुकली नाही."

"आणि टँकर भरणं कधी थांबतं?"

उत्तर शिवप्पानं दिलं. "दुपारीच, ताई. जेवायच्या सुट्टीला. मी खोलीला कुलूप लावून लिंबाखाली जेवायला बसतो. पंप खाली हौदात बुडालेला, त्याचा आवाज वर येतच न्हाई. तो आपला आपण बंद होतो, हेच मला ठाऊक. आन् दिवस बुडताना मी मेन स्विचच पाडून जातो."

आणि रुद्राणी हसायला लागली. तो माणूस संध्याकाळी पोलिसात जाणार आणि ही बया हसून राहिली!

"अगं, हसतीस काय!"

"अक्का, चोर सापडला," ती म्हणाली. पण हसता हसता तिचे कान लाल झाले होते.

४

लिंबाखाली सगळे जमले. साहेब, शिवप्पा, निवृत्ती, आप्पासाहेब, ड्रायव्हर लोक, आणि घागरी रांगेत ठेवून आलेल्या बाया. रुद्राणी उभी राहिली. हिला चार माणसांत बोलायला सांगितलं की घाम फुटतो, हे मला माहीत. पण त्या दिवशी काय अंगात आलं होतं कुणास ठाऊक.

"तुमच्याकडं मठात दासोह असतो ना, येईल त्याला जेवण? तिथं मुदपाकखान्यातली चूल कधी विझवतात?"

"शेवटचा माणूस जेवून गेला की," शिवप्पा म्हणाला.

"आणि शेवटचा गेला, हे आचाऱ्याला आतून कसं कळतं?"

"दारातल्या चपला बघतो की. चपला असल्या म्हणजे कुनीतरी आत हाय."

"पेटी तेच करते. ती माणूस बघत नाही, चपला मोजते. कार्ड लावलं की एक जोड वाढला, टँकर भरून गेला की एक जोड कमी झाला. एकही जोड उरला नाही की पंप बंद. आता सांगा, एखादा मागच्या दारानं अनवाणीच निघून गेला तर?"

"चपला तिथंच राहतील," निवृत्ती म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "आयला! लाल बटण!"

"लाल बटण म्हणजे मागचं दार. काल सकाळी तुम्ही कार्ड लावलंत, एक जोड आला. लाल बटण दाबून मागं सरलात, तो जोड उचललाच गेला नाही. नंतर दुसरं कार्ड लावून भरून गेलात, त्याचा जोड नीट उचलला. पहिला मात्र दारातच. दुपारी सगळे गेले, तरी पेटीला वाटलं कुणीतरी आत आहे. तिनं पंप चालूच ठेवला."

"पण मयतीचे टँकर तर पहिल्यापासून येऊन राहिले," साहेब म्हणाले. "मग कालच का?"

"कारण दुपारी लाइट जायची. लाइट गेली की पंप तसाच बंद पडायचा, आणि पेटी पुन्हा चालू होताना सगळं विसरून कोऱ्या दारानं सुरू व्हायची. रोज कुणीतरी येऊन दार झाडून काढावं तसं. आप्पासाहेबांनी लाइट जायची थांबवली आणि चूक उघडी पडली."

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेबांना हे कौतुक की ठपका, ते कळेना. त्यांनी नुसती मिशी सारखी केली.

मी रुद्राणीच्या जवळ सरकून कुजबुजले, "बास. लाइनमुळं झालं म्हण आणि मिटव." म्हणजे माझं वर्कशॉप वाचलं असतं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि परत लोकांकडं वळली.

"लाइनचा दोष नाही. मागच्या दाराशी चपला उचलायची ओळ लिहायची राहून गेली होती. ती मी लिहायला पाहिजे होती, हा प्रोग्राम माझा आहे. नांदेडला आम्ही कार्ड लावून भरून बघितलं, शंभरदा बघितलं. आपला नंबर सोडून कुणी मागं सरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवप्पांचा काही दोष नाही. तुम्ही शोधताय तो चोर मी आहे."

मला आधी तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. मग मी उगीचच डोळ्यात धूळ गेल्यासारखं केलं.

"बोलणं ठीक," साहेब म्हणाले. "चालू करून दाखवा."

५

चूक दाखवणं सोपं होतं. निवृत्तीनं कार्ड लावलं, लाल बटण दाबलं, बाजूला झाला. तोटीखाली कुणी नाही, तरी पेटीवरचा पंपाचा दिवा जळतोय तो जळतोयच. लोक खिडकीला चिकटून बघत होते.

मग रुद्राणीनं लॅपटॉप जोडला. मागच्या दाराशी राहिलेली ओळ घातली, पेटी परत चालू केली. कार्ड, लाल बटण, आणि दिवा विझला! टाळ्या पडल्या. मी म्हणाले, चला, आवरा.

"थांबा अक्का. दोन टँकर लावून बघू."

बघितलं. एका तोटीला निवृत्ती भरत होता, शेजारी दुसऱ्या ड्रायव्हरनं भरायला सुरुवात करून मध्येच लाल बटण दाबलं. दिवा विझला. निवृत्तीचा टँकर अजून अर्धाही भरला नव्हता. खालचा पंप बंद, टाकीत होतं तेवढं उतरलं, आणि त्याची धार बारीक होत होत थांबली.

"ओ ताई! आता मला कोरडाच धाडता का?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. मघाशी टाळ्या वाजवणारेच आता हसत होते. "काल थांबत नव्हता, आज चालत न्हाई!" कुणीतरी म्हणालं. साहेबांनी घड्याळ बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. शिवप्पाच्या तोंडावर आलेलं पाणी परत उतरलं, आणि माझ्यानं ते बघवेना.

"रुद्रे," मी म्हणाले, "काय झालं?"

ती पडद्याकडं टक लावून बसली होती. मग कपाळावर हात मारला. "घाई केली मी. त्यानं भरणं सुरू केलं होतं ना? लाल बटणानं त्याचा जोड उचलला, आणि भरणं थांबल्याचं कळल्यावर दुसऱ्या ओळीनं परत एक उचलला. एकाच माणसानं दोनदा उचलल्या. दुसऱ्यांदा उचलल्या त्या निवृत्तीभाऊंच्या!"

"मी आत जेवत असताना!" निवृत्ती म्हणाला. त्याला हे प्रकरण आता चांगलंच कळायला लागलं होतं. "आचाऱ्यानं चूल विझवली आन् माझी भाकर कच्ची!"

"मग आता?" साहेब म्हणाले.

"आता मागचं दारच बुजवते." तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी प्रत्येक दाराशी चपला उचलणारा वेगळा माणूस उभा करत बसले होते. कार्ड लावून आत आलेला कसाही जावो, भरून जावो, मध्येच सोडून जावो, लाल बटण दाबून जावो, त्याला एकाच दारातून बाहेर काढायचं. चपला उचलायची ओळ फक्त तिथं. बाकी सगळीकडची पुसून टाकायची."

मला वाटलं होतं, आता भलंमोठं काही लिहील. उलट ती पुसतच होती. इथली ओळ काढ, तिथली काढ, सगळे रस्ते एका जागी वळव. शेवटी पडद्यावर पहिल्यापेक्षा कमीच उरलं. पेटी परत चालू झाली.

आता ड्रायव्हरांनाच चेव आला होता. निवृत्तीनं सगळ्यांना कामाला लावलं. तू कार्ड लाव आन् मागं सर. तू भरता भरता सोड. तू दोनदा लाल बटण दाब. दाब रे, ताई काय म्हणत न्हाईत! आणि मी मधी भरत राहतो, बघू माझी चूल कोण विझवतो! असा धिंगाणा माझ्या पेटीनं जन्मात बघितला नव्हता. निवृत्तीची धार शेवटपर्यंत जोरात चालली. त्याचा टँकर गळ्यापर्यंत भरला, त्यानं नळी काढली, गाडी पुढं घेतली.

दिवा विझला.

"शिवप्पा," साहेब म्हणाले, "वर जाऊन बघा."

शिवप्पा शिडीवरून टाकीवर चढला. फाटलेल्या कॉलरचा शर्ट वाऱ्यानं फुगला होता. तो मागच्या पाइपावर वाकला, त्यात हात घालून बघितला आणि वरून सगळ्या टेकाडाला ऐकू जाईल असा ओरडला, "थेंब न्हाई! एक थेंब न्हाई!"

मग जो गलका झाला! ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले, निवृत्तीनं रुद्राणीच्या पायाला हात लावायला बघितलं, ती घाबरून माझ्यामागं लपली. आप्पासाहेबांनी तेवढ्यात छोटंसं भाषण करून घेतलं. साहेबांनी पोलिसांचा कागद सगळ्यांसमोर फाडला आणि शिवप्पा खाली उतरल्यावर खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली. "माझं चुकलं," असंही म्हणाले. साहेब लोकांच्या तोंडून हे मी फार थोड्या वेळा ऐकलंय.

मीही पुढं झाले. "लिहून घ्या साहेब," म्हणाले, "चूक गौरम्माच्या पेटीची होती, आणि गौरम्माच्याच पोरीनं शोधली." दुसरं वाक्य मी जरा जोरात म्हणाले, ते कबूल.

६

निघताना फाटकाशी आलो. शिवकांता अजून भिंतीलाच उभी होती. बातमी तिच्याआधी रांगेत पोचली होती. काल जिनं तिला हाकललं ती पार्वतम्मा आता रांगेत सगळ्यात पुढं होती. तिनं आपली घागर नळाखालून काढली आणि मागं सरली. तिच्या मागचीही सरली. बघता बघता नळ मोकळा झाला.

"ये ग शिवकांता," पार्वतम्मा म्हणाली. "आधी तू भर."

शिवकांतानं घागर उचलली. नळापाशी गेली, क्षणभर थांबली, आणि तशीच पुढं चालत रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली.

"आमच्या घरी मयत न्हाई झाली, वैनी," ती म्हणाली. मान ताठ, आवाज खणखणीत. "मी माझ्या नंबरानं घेते."

पार्वतम्मानं गुपचूप आपली घागर परत नळाखाली ठेवली. रुद्राणी माझ्या शेजारी डोळे पुसून राहिली होती आणि मी तिला म्हणाले, चल, आता कुठंतरी चहा पाज मला, सकाळपासून पोटात काही नाही.